रिकामा ट्रेलर, ओला घाट आणि संगणक: ट्रकची घडी पडण्याचा अभ्यास कसा करावा

चाकण-तळेगाव पट्ट्यातील कारखान्यात माल उतरवून चाळीस फुटी रिकामा कंटेनर न्हावा शेवा बंदराकडे परत नेणारा ट्रेलर बोरघाट उतरत आहे, पहिल्या पावसाने रस्त्यावरचे तेल आणि धूळ यांचा थर निसरडा झाला आहे, आणि वळणापलीकडे वाहने थांबलेली दिसताच चालक ब्रेक जोरात दाबतो. पुढच्या एक-दोन सेकंदांत घोडा, म्हणजे केबिन आणि इंजिन असलेला ओढणारा भाग, स्वतःभोवती फिरू लागतो, मागचा ट्रेलर त्याला ढकलत राहतो आणि अडकित्त्याची पाती मिटावीत तशी सगळी गाडी किंगपिनपाशी, म्हणजे ट्रेलर घोड्याला जोडणाऱ्या खिळीपाशी, मिटते. अभियंते याला जॅकनाइफिंग म्हणतात. या लेखात त्याला घडी पडणे असे म्हटले आहे.

ही घटना रस्त्यावर मुद्दाम घडवून पाहता येत नाही. चाचणी-मार्गावर ती घडवतात, पण तिथेही घोडा आणि ट्रेलर यांच्यातील कोन एका मर्यादेपुढे जाऊ नये म्हणून साखळ्या किंवा तारा बांधाव्या लागतात, आणि एकेका चाचणीची तयारी वेळखाऊ व खर्चिक असते. संगणकावर मात्र तीच घटना शेकडो वेळा, दर वेळी एकच गोष्ट बदलून पाहता येते. खाली दिलेली पद्धत अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि वाहतूक संस्थांमधील सुरक्षा अधिकारी यांच्यासाठी आहे. त्यासाठी साधा लॅपटॉप आणि पायथन किंवा सायलॅब यांसारखी मोफत प्रणाली पुरते. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने या दोन्ही प्रणालींचे शिक्षणसाहित्य तयार केले आहे, त्यामुळे सुरुवात करणे अवघड नाही.

आधी प्रश्न नेमका करावा

ब्रेक लावल्यावर कोणत्या धुरीची चाके आधी जखडतात, म्हणजे फिरणे थांबून नुसती घसरतात, यावर पुढे काय होणार हे ठरते. पुढची चाके जखडली तर गाडी स्टिअरिंगला दाद देत नाही, पण सरळ घसरत राहते. ट्रेलरची चाके जखडली तर ट्रेलरचे शेपूट बाजूला झुलते; ही हालचाल तुलनेने सावकाश वाढते आणि ब्रेक सोडल्यास बरेचदा सावरते. घोड्याची मागची, म्हणजे इंजिनाचा जोर घेणारी चाके जखडली तर घोडाच फिरतो, आणि खरी घडी ती हीच. या तिन्ही घटनांना सरसकट एकच नाव देण्याची सवय आहे. ती अभ्यासाला मारक आहे, कारण तिघींची कारणे आणि उपाय वेगवेगळे आहेत.

घडी पडली असे संगणकाने कधी मानायचे, हेही आरंभीच लिहून ठेवावे. स्टिअरिंग सरळ असताना सांध्याचा, म्हणजे घोडा आणि ट्रेलर यांच्यातील, कोन ३० अंशांपुढे गेला आणि तो अजून वाढतच आहे, ही व्याख्या सुरुवातीला पुरेशी आहे. निकाल पाहून व्याख्या बदलण्याचा मोह टाळावा.

गाडी मापांत उतरवावी

घोड्याचे वजन, त्याच्या दोन धुरींमधील अंतर, फिफ्थ व्हीलची, म्हणजे घोड्यावर किंगपिन ज्यात अडकते त्या तबकडीची, जागा, किंगपिनपासून ट्रेलरच्या धुरींपर्यंतचे अंतर, आणि दोन्ही भागांच्या गुरुत्वमध्यांची जागा व उंची एवढी मापे लागतात. वजनकाट्यावर एकेक धुरी चढवून घेतलेले वजन मिळाले तर ते कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा अधिक विश्वासाचे.

उदाहरणादाखल पुढील मापे गृहीत धरू. घोडा ७,००० किलोचा, धुरींमधील अंतर ३.६ मीटर, गुरुत्वमध्य पुढच्या धुरीच्या १.२ मीटर मागे, आणि फिफ्थ व्हील मागच्या धुरीच्या ०.५ मीटर पुढे. ट्रेलरचा सांगाडा ६,००० किलोचा आणि रिकामा कंटेनर ३,८०० किलोचा, म्हणजे एकूण ९,८०० किलो. त्याचा गुरुत्वमध्य किंगपिनच्या ६ मीटर मागे आणि तीन धुरींच्या गटाचा मध्य ७.७ मीटर मागे. आघूर्णांचा, म्हणजे बल गुणिले अंतर यांचा, साधा हिशोब केल्यास किंगपिनवर सुमारे २,१६४ किलो भार येतो. मग पुढच्या धुरीवर ४,९६८, मागच्या धुरीवर ४,१९६ आणि ट्रेलरच्या धुरींवर ७,६३६ किलो, अशी एकूण १६,८०० किलोची वाटणी होते. ही बेरीज एकूण वजनाशी जुळली पाहिजे. ती जुळल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

आता त्याच कंटेनरमध्ये १७,००० किलो माल भरला आणि गुरुत्वमध्य तिथेच राहिला असे मानले, तर घोड्याच्या मागच्या धुरीवरचा भार ७,४२८ किलो होतो. चालकाने ब्रेक दाबल्यावर त्या धुरीवर ३० किलोन्यूटन ब्रेकबल निर्माण होते असे समजा. ओल्या रस्त्यावर घर्षणगुणांक, म्हणजे पकडीचे भाराशी प्रमाण, ०.५ धरल्यास भरलेल्या गाडीत ती धुरी सुमारे ३६ किलोन्यूटनपर्यंत बल पेलू शकते, म्हणून चाके फिरत राहतात. रिकाम्या गाडीत तीच मर्यादा सुमारे २१ किलोन्यूटन आहे, म्हणून चाके जखडतात. चालकाचा पाय, हवेचा दाब आणि रस्ता सारखेच आहेत. फक्त वजन बदलले आहे. ब्रेक भरलेल्या गाडीच्या हिशोबाने बनवलेले असतात, आणि रिकाम्या गाडीला त्याची किंमत मोजावी लागते. रिकामी गाडी हलकी म्हणून सुरक्षित, हा समज म्हणूनच घातक आहे.

उभ्या अक्षाभोवतीचे जडत्व, म्हणजे फिरवण्याला होणारा विरोध, माहीत नसेल तर ट्रेलर ही एकसमान लांब पट्टी आहे असे मानून पहिला अंदाज काढावा: वस्तुमान गुणिले लांबीचा वर्ग भागिले १२. वरच्या रिकाम्या ट्रेलरसाठी लांबी १२.२ मीटर धरल्यास तो सुमारे १,२१,५०० किलोग्रॅम-वर्गमीटर येतो. हा आकडा २० टक्क्यांनी कमी-जास्त करून निकाल किती हलतो ते नंतर पाहावे.

हालचालीची समीकरणे

पहिल्या प्रतिकृतीत, म्हणजे संगणकावरील गाडीच्या गणिती रूपात, डावी-उजवी चाके एकत्र करून प्रत्येक धुरीला एकच चाक मानावे आणि गाडी सपाट प्रतलात फिरते असे धरावे. घोड्याचा पुढे जाण्याचा वेग, त्याचा आडवा वेग, त्याचा स्वतःभोवती फिरण्याचा वेग आणि ट्रेलरचा फिरण्याचा वेग या चार राशींमध्ये सगळी हालचाल मावते. किंगपिनपाशी घोडा आणि ट्रेलर यांचा वेग एकच असला पाहिजे, या अटीवरून ट्रेलरच्या गुरुत्वमध्याचा वेग या चार राशींतच लिहिता येतो, आणि मग किंगपिनवरचे अज्ञात बल समीकरणांतून आपोआप गळून पडते. याखेरीज सांध्याचा कोन आणि प्रत्येक धुरीच्या चाकाचा फिरण्याचा वेग नोंदवावा लागतो.

पाठ्यपुस्तकांत बहुधा कोन लहान मानून समीकरणे सोपी केलेली असतात. इथे तसे करू नये. घडी पडणे म्हणजे कोन मोठा होणे, त्यामुळे साइन आणि कोसाइन जसेच्या तसे ठेवावेत.

ब्रेक लागल्यावर भार पुढे सरकतो, तोही प्रत्येक क्षणी मोजावा. घोडा स्वतः पुढे झुकल्याने त्याची मागची धुरी हलकी होते, आणि ट्रेलर पुढे झुकल्याने किंगपिनवरचा भार वाढतो. दोन परिणाम परस्परविरुद्ध आहेत, आणि कोणता वरचढ ठरेल हे गुरुत्वमध्याच्या उंचीवर आणि ट्रेलर स्वतःचा ब्रेक किती लावतो यावर अवलंबून असते. म्हणून अंदाजावर न विसंबता हिशोबच करावा.

टायर: सगळ्या गोष्टीचा गाभा

टायरची पकड एका मर्यादित शिलकीसारखी असते. ती ब्रेकसाठी खर्च झाली की बाजूला आधार देण्यासाठी उरत नाही. टायरचे बल मांडण्यासाठी सर्वाधिक वापरले जाणारे सूत्र म्हणजे डेल्फ्ट तंत्रविद्यापीठातील हान्स पाचेयका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडलेला मॅजिक फॉर्म्युला. घसरण, म्हणजे चाकाची चाल आणि गाडीची चाल यांतील तफावत, वाढत जाते तसे बल आधी वेगाने वाढते, शिखर गाठते आणि मग थोडे उतरते, हा आकार ते सूत्र चार गुणकांत पकडते.

फक्त हे सूत्र लांबीच्या आणि आडव्या दिशेला स्वतंत्रपणे वापरले तर प्रतिकृती खोटे उत्तर देते, कारण जखडलेले चाकही तिच्यात भरपूर आडवा आधार देत राहते. नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक हीच असते. त्याऐवजी दोन्ही दिशांची घसरण एका सदिशात एकत्र करावी, त्या सदिशाच्या मापावरून एकूण बल काढावे आणि त्या बलाची दिशा घसरणीच्या नेमकी उलट ठेवावी.

याचा परिणाम एका उदाहरणात पाहू. गाडी सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किमी वेगाने जात आहे आणि मागची धुरी सेकंदाला १ मीटर वेगाने बाजूला सरकू लागली आहे. चाक फिरत असेल तर ही सुमारे २.९ अंशांची तिरपी चाल झाली, आणि ट्रकचा टायर अशा वेळी आपल्यावरील भाराच्या साधारण पंचमांश ते चतुर्थांश इतके बल लावून धुरीला परत ओढतो. चाक जखडले असेल तर घर्षणाचे सगळे बल घसरण्याच्या उलट दिशेला, म्हणजे जवळजवळ संपूर्ण मागे लागते आणि आडव्या दिशेला त्याचा फक्त विसावा भाग येतो. घर्षणगुणांक ०.४ धरला तर हा आधार भाराच्या २ टक्के भरतो. फिरत्या चाकाच्या तुलनेत तो दहापटींनी कमी आहे, आणि घोडा का फिरतो याचे उत्तर एवढ्या एका तुलनेत आहे.

वेग शून्याकडे जाऊ लागला की घसरणीच्या सूत्रात शून्याने भागण्याची वेळ येते, म्हणून छेदात सेकंदाला अर्धा मीटर इतकी किमान मर्यादा ठेवावी. चाकाची हालचाल गाडीच्या हालचालीपेक्षा फार चपळ असल्याने काळाचा टप्पा १ मिलिसेकंद किंवा त्याहून लहान घ्यावा, आणि टप्पा निम्मा केल्यावर उत्तर बदलत नाही ना, हे तपासावे.

ब्रेक, हवा आणि उशीर

एअर ब्रेकमध्ये पायाच्या दाबाचे बल चाकापर्यंत पोहोचायला सेकंदाचे काही दशांश लागतात, आणि हवेला लांबचा प्रवास करावा लागत असल्याने ट्रेलरचा ब्रेक घोड्याच्या ब्रेकपेक्षा मागे पडू शकतो. या अवधीत ट्रेलर पूर्ण जोराने घोड्याला ढकलतो. प्रत्येक धुरीसाठी शुद्ध उशीर आणि त्यानंतर दाब हळूहळू चढण्याचा काळ, अशा दोन संख्या ठेवाव्यात.

एक्झॉस्ट ब्रेक किंवा रिटार्डर, म्हणजे चाकांचे ब्रेक न वापरता वेग रोखणारे साधन, वेगळे लिहावे, कारण त्याचे बल केवळ घोड्याच्या मागच्या धुरीवर पडते. कोरड्या घाटात ही साधने मोलाची आहेत. निसरड्या रस्त्यावर रिकाम्या गाडीत तीच साधने नको त्या धुरीची पकड खातात.

एबीएस, म्हणजे चाके जखडू न देणारी ब्रेकयंत्रणा, हिच्यासाठी सुरुवातीला साधा नियम चालतो: चाकाची घसरण २० टक्क्यांपुढे गेली की दाब सोडायचा, १० टक्क्यांखाली आली की पुन्हा भरायचा, आणि दोन्हींमध्ये हवेचा उशीर धरायचा. उशीर विसरल्यास कागदावरचे एबीएस प्रत्यक्षापेक्षा फारच हुशार दिसते.

पडताळणी

निकालांवर विश्वास ठेवण्याआधी प्रतिकृतीला अशा परीक्षा द्याव्यात की ज्यांची उत्तरे आधीच माहीत आहेत. ताशी ६० किमी वेगाने जाणारी गाडी ०.५ घर्षणगुणांकाच्या सपाट रस्त्यावर पूर्ण पकड वापरून थांबवली तर वेगाच्या वर्गावरून अंतर २८.३ मीटर येते, ब्रेकला ०.४ सेकंद उशीर धरला तर त्यात ६.७ मीटर वाढतात. संगणकाचे उत्तर याच्या आसपास असले पाहिजे. ब्रेक न लावता मंद गतीने वर्तुळात वळवल्यास ट्रेलरची चाके घोड्याच्या चाकांपेक्षा आतून गेली पाहिजेत. त्यानंतर एकेक धुरी मुद्दाम जखडून पाहावी, आणि आरंभी सांगितलेल्या तीन वेगवेगळ्या घटना ओळखू येतील अशा दिसाव्यात. त्या दिसत नसतील तर दोष बहुतेक वेळा टायरच्या भागात सापडतो.

प्रत्यक्ष गाडीशी तुलना करायची असल्यास बंद आवारात, मंद वेगाने, ब्रेक न लावता केलेल्या वळणांची नोंद पुरेशी आहे. केबिनमध्ये आणि ट्रेलरवर घट्ट बसवलेल्या दोन मोबाइलमधील जायरोस्कोप फिरण्याचा वेग नोंदवू शकतात. सार्वजनिक रस्त्यावर किंवा ओल्या आवारात जोराचा ब्रेक लावून चाचणी घेऊ नये. तशा चाचण्यांसाठी इंदूरजवळच्या पीथमपूर येथील नॅट्रॅक्ससारखी बांधीव केंद्रे आहेत.

लहानसा धक्का द्यावाच लागतो

पहिल्यांदा प्रतिकृती चालवणारे अनेकजण इथे चकित होतात: मागची धुरी पूर्ण जखडली, रस्ता ओला, वेग ताशी ८० किमी, आणि तरीही गाडी सरळ रेषेत घसरत जाऊन थांबते. प्रतिकृती चुकलेली नसते. टोकावर अचूक उभी केलेली पेन्सिल गणितात कधीच पडत नाही, तसेच हे आहे. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र धक्का नेहमीच हजर असतो. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला दिलेला २.५ टक्के आडवा उतारच धुरीला तिच्या भाराच्या २.५ टक्के बलाने बाजूला ओढतो, आणि जखडलेल्या चाकाचा वर काढलेला आधार तर २ टक्केच होता. म्हणून आडवा उतार, स्टिअरिंगचा एक अंश, डाव्या-उजव्या ब्रेकमधील तफावतीचे आघूर्ण आणि वळणाची वक्रता यांपैकी किमान एक गोष्ट प्रत्येक चाचणीत असावी.

चार वेग, तीन घर्षणगुणांक, रिकामी व भरलेली गाडी, ब्रेकच्या चार रचना आणि पाच प्रकारचे धक्के घेतले तर ४८० चाचण्या होतात. लॅपटॉपला हे काम जड नाही. प्रत्येक चाचणीची सर्व मापे आणि प्रणालीची आवृत्ती निकालासोबत एकाच फाइलमध्ये साठवावी.

परतीची सीमा शोधावी

घडी पडली की नाही, एवढ्या उत्तरावर थांबणे म्हणजे या साधनाचा निम्मा उपयोग वाया घालवणे, असे माझे ठाम मत आहे. उपयोगी प्रश्न असा आहे: कोणत्या क्षणापर्यंत ब्रेक सोडला तर गाडी सावरते?

तो असा सोडवावा. घडी पडणारी एक चाचणी निवडावी. सांध्याचा कोन ५ अंश झाल्यावर ब्रेक सोडला तर काय होते ते पाहावे, मग २५ अंशांवर सोडून पाहावे. पहिल्यात गाडी सावरली आणि दुसऱ्यात नाही, तर मधला कोन घ्यावा, आणि असे अंतर निम्मे करत जावे. सहा-सात फेऱ्यांत सीमा अर्ध्या अंशाच्या आत सापडते. यात हवा सुटण्याचा आणि जखडलेले चाक पुन्हा वेगाने फिरू लागण्याचा काळ धरलाच पाहिजे, कारण चालकाने पाय उचलला त्याच क्षणी पकड परत येत नाही. नंतर सांध्याचा कोन आडव्या अक्षावर आणि तो वाढण्याचा वेग उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढावा. त्यात सावरणाऱ्या आणि न सावरणाऱ्या चाचण्यांचे दोन प्रदेश वेगळे दिसतात. कोन लहान असूनही तो वेगाने वाढत असेल तर गाडी हातची गेलेली असते, हे त्या आलेखाइतके स्पष्ट दुसरे काहीही दाखवत नाही.

यानंतर घड्याळ लावावे. कोन २ अंश झाला, म्हणजे चालकाला केबिन फिरल्याचे जेमतेम जाणवेल, त्या क्षणापासून परतीची सीमा ओलांडेपर्यंत किती वेळ जातो ते प्रत्येक चाचणीसाठी नोंदवावे. माणसाला संकट ओळखून पाय उचलायला एक ते दीड सेकंद लागतो असे धरावे. ज्या परिस्थितीत उपलब्ध वेळ याहून कमी निघतो, तिथे चालकाचे कौशल्य हा उपाय उरत नाही, आणि अपघातानंतर त्याच्यावर ठपका ठेवण्यात अर्थ नसतो. उपाय त्या क्षणाच्या आधीच, यंत्रात, वेगात आणि देखभालीत असायला हवा.

उपाय तपासावेत

आता प्रत्येक उपाय त्याच ४८० चाचण्यांवर लावून किती घड्या टळल्या आणि उरलेल्यांत किती वेळ वाढला, हे मोजावे. सुरुवात एबीएसने करावी: फक्त घोड्यावर, फक्त ट्रेलरवर, आणि दोन्हींवर. फक्त ट्रेलरवर एबीएस असल्यास शेपूट झुलणे कमी होते, पण घोड्याची मागची धुरी तशीच जखडते, हे इथे स्वच्छ दिसते. अमेरिकेत १ मार्च १९९७ पासून बनलेल्या एअर ब्रेकच्या नव्या घोड्यांना आणि १ मार्च १९९८ पासून बनलेल्या ट्रेलरना एबीएस सक्तीचे झाले. पुढे २०१५ मध्ये घोड्यांसाठी इलेक्ट्रॉनिक स्थैर्य नियंत्रणाचा नियम जाहीर झाला, ज्यात यंत्रणा इंजिनाचा जोर कमी करते आणि हवे ते चाक स्वतः रोखते. एकच घोडा रोज वेगळा ट्रेलर ओढत असेल तर एबीएसची जोडतार जोडलेली नाही, अशी एक परिस्थितीही चाचण्यांत अवश्य ठेवावी.

पुढे भारानुसार ब्रेकचा दाब कमी करणारा झडप, ओल्या रस्त्यावर बंद ठेवलेला रिटार्डर, ट्रेलरच्या ब्रेकचा उशीर निम्मा करणे आणि उतरणीला लागण्यापूर्वी वेग ताशी १० किमीने घटवणे, हे बदल एकेक करून पाहावेत. ट्रेलरचे ब्रेक ढिले असतील तर काय होते, तेही पाहावे: थांबवण्याचा सगळा बोजा घोड्यावर पडतो आणि मागून ढकलणारे बल वाढते.

भरलेल्या गाडीसाठी उष्णतेचा हिशोब जोडणे आवश्यक आहे. ३३,८०० किलोची गाडी ५ टक्के उतारावर ताशी ४० किमी स्थिर वेगाने उतरत असेल तर गुरुत्वाकर्षण तिला सतत सुमारे १८४ किलोवॅट शक्ती पुरवते. चाकांचा रोलिंग विरोध वजा जाता उरलेली शक्ती इंजिनाने आणि ब्रेकने शोषायची असते. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली तर ती जवळजवळ सगळी ब्रेक ड्रमांत जिरते, ड्रम तापून ब्रेक निकामी होत जातात, आणि ते सगळ्या धुरींवर सारख्या प्रमाणात होत नाहीत. प्रत्येक ड्रमचे तापमान आणि त्यानुसार घटणारे ब्रेकबल प्रतिकृतीत घातले की घाटाच्या माथ्यावर सुरक्षित असलेली तीच गाडी पायथ्याशी वेगळी वागताना दिसते.

सपाट प्रतलातील ही प्रतिकृती गाडी उलटणे दाखवू शकत नाही, अर्ध्या भरलेल्या टँकरमधील द्रवाचे हिंदकळणे दाखवू शकत नाही, आणि एका बाजूची चाके ओल्या पट्ट्यावर व दुसऱ्या बाजूची कोरड्यावर असल्यास तिचा परिणाम केवळ ढोबळपणे दाखवते. त्या प्रश्नांसाठी ट्रकसिमसारखी व्यावसायिक किंवा प्रोजेक्ट क्रोनोसारखी मुक्त त्रिमितीय प्रणाली लागते. तिकडे जातानाही स्वतः लिहिलेली छोटी प्रतिकृती हाताशी ठेवावी. मोठ्या प्रणालीत प्रत्येक धुरी आळीपाळीने जखडून दोन्हींची उत्तरे एकमेकांशी ताडून पाहावीत, आणि ती जुळेपर्यंत मोठ्या प्रणालीचे कोणतेही निकाल चालकांच्या प्रशिक्षणात किंवा देखभालीच्या वेळापत्रकात वापरू नयेत.